टिपऱ्यांच्या घरात माझी बदली

परवा रविवारी मी घरात जाहीर करून टाकलं, आज जेवणं झाल्यावर कुणी मोबाईल हातात घ्यायचा नाही, सगळ्यांनी एकत्र बसून टिपरे बघायचं. श्रीयुत गंगाधर टिपरे, म्हणजे आबा टिपरे नावाच्या आजोबांच्या घरातली टीव्ही मालिका. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झालं तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो, आम्ही सांगलीत गावभागात राहायचो आणि घरातला टीव्ही असा होता की वरनं एक चापट मारल्याशिवाय त्याला रंगच यायचा नाही. चापट मारायचं खातं माझ्याकडं. तो टीव्ही पुढं २००५ च्या पुरात गेला. अण्णांनी त्याला माळ्यावर चढवायला जो वेळ घेतला त्यात आईचं लोणचं आणि माझी मार्कशीट दोन्ही भिजलं, आणि शेवटी टीव्हीही भिजलाच. लोणच्याचं आई अजून काढते.

आता विश्रामबागेत फ्लॅट आहे, ५५ इंची टीव्ही आहे, भडंगाची परात मधे ठेवली, वरनं कांदा, लिंबू पिळलं, म्हटलं आता मजा. आणि पहिल्याच मिनिटाला पोरीनं विचारलं, "पप्पा, हा चौकोनी का दिसतोय? दोन्हीकडं काळं का आहे?" मी सांगायला लागलो की बाळा तेव्हा टीव्हीच चौकोनी असायचे, तोवर अण्णा म्हणाले, पैसे अख्ख्या टीव्हीचे दिलेत ना, मग अख्ख्या टीव्हीवर दिसू दे. पोरानं रिमोट घेतला आणि चित्र ताणलं. आबा टिपरे आडवे झाले. सगळं कुटुंब एका सेकंदात वीस वीस किलोनं वाढलं, बायको म्हणाली मला हेच बरं वाटतंय, असूदे. मग मूळ आकारावर आणायचं बटण कुणालाच सापडेना, त्यात दहा मिनिटं गेली, भडंग मऊ पडायला लागलं. मधे टायटल साँग लागलं तर पोरगा स्किप करायला निघाला, तेव्हा मी असा काही ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

ते असो. खरी भानगड पुढंच आहे.

तेव्हा मी टिपरे बघायचो ते शिऱ्यासाठी. विकास कदमचा शिऱ्या म्हणजे मीच, अभ्यास नको, बाप डोक्यावर बसलेला, आजोबा पाठीशी घालणारे. राजन भिसेंचा शेखर, म्हणजे शिऱ्याचा बाप, मला तेव्हा नुसता कटकट वाटायचा. ह्यावेळी शेखर शिऱ्याला झापायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की मी मान डोलवतोय. नुसती मान नाही, तोंडानं "बरोबर आहे की!" असंपण गेलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "पप्पा, हे तर तुम्हीच आहात. संध्याकाळी मला सेम असंच बोललात." आई हसली, बायको हसली, अण्णा तर भडंग नाकात जाईपर्यंत हसले. शुभांगी गोखलेंची श्यामला, म्हणजे शेखरची बायको, आली की बायको प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर चापट मारून "बघा, बघा" म्हणत होती, काय बघायचं ते सांगत नव्हती, पण मला कळत होतं. चापटीचं खातं आता तिच्याकडं गेलंय. आणि मी बघत काय होतो? मुंबईतला तो फ्लॅट. कार्पेट एरिया किती असेल, मेंटेनन्स किती पडत असेल, रिडेव्हलपमेंटला गेली असेल का सोसायटी. विनोद निघून जायचा, मी मागची भिंत बघत बसायचो.

सांगलीकराला वय सांगायची एक सोय आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. मी ४३. म्हणजे लोक गाड्या विजयनगरला पाहुण्यांच्या दारात लावायला लागतात आणि आपण मात्र "अजून वेळ आहे की" म्हणत पुलावर पाणी बघायला जातो, तो टप्पा. त्यात मी उगाच हिशोब केला. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे आबा झाले तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. माझ्याहून फक्त १४ वर्षांनी मोठा माणूस तिथं नातवंडांचा आजोबा होऊन बसला होता! त्यांना त्यासाठी मेकप करावा लागला असणार. माझे गुडघे बघता मला तो खर्च नाही.

भाग संपताना आबा डायरी लिहितात. त्या वेळी अण्णा हमखास म्हणायचे, रोज रोज काय लिहायचं ह्या माणसाला, उद्योग नाही दुसरा. अण्णा आता ७३ चे आहेत आणि पतसंस्थेनं फुकट दिलेल्या डायरीत रोज लिहितात. दूध किती, गॅस कधी लागला, पावसाळ्यात पुलाची पातळी सकाळ संध्याकाळ. हे मी बोलून दाखवलं तर ऐकूच आलं नाही असं करून म्हणाले, दुसरा भाग लाव.

दुसरा भाग लावला. मला एवढंच आठवतंय की आबा काहीतरी बोलत होते आणि उशी चांगली जमली होती. मधेच अण्णांचा आवाज आला, "बघायलायस का झोपायलायस?" मी म्हटलं बघायलोय, डोळे मिटून ऐकायलोय. २००१ मधे खुर्चीत बसल्या बसल्या हेच उत्तर अण्णा द्यायचे आणि मी आणि ताई तोंड दाबून हसायचो. ह्यावेळी हसण्याचा आवाज पोरांच्या बाजूनं आला.

सकाळी चहाला उठलो तर डायरी टेबलावर उघडीच. वाचायला नको होती, पण वाचली. "रविवार. गॅस नवीन लागला. दूध दीड लिटर. पाऊस नाही. रात्री टिपरे, दोन भाग. चि. दुसऱ्यात झोपला. घोरतो." आणि खाली पेन्सिलीनं, "तिसरा भाग उद्या दुपारी, तो ऑफिसला गेल्यावर बघणे."