ट्रॅकवर पळवली असेल तर तसं सांगा ना!

"डॉक्टरनी गाडी छे साहेब." "लेडीज ड्रिव्हन आहे हो." "फक्त घर ते ऑफिस." हे पुन्हा कोणी ऐकवलं तर मी तिथल्या तिथे फोन ठेवणार आहे. कित्येक महिने झाले, बडोद्यात एक जुनी पण पळणारी हॅचबॅक शोधतोय, आणि जो भेटतो तो पहिल्या वाक्यापासून खोटं बोलायला लागतो. गाडीत दोष असले तर माझी तक्रार नाही. जुनी घ्यायला निघालोय, दोष असणारच. डोकं फिरतं ते या लपवालपवीने.

अहो, १४५ बीएचपीची गाडी मुद्दाम शोधून घेणारा माणूस ती नुसती घर ते ऑफिस करायला घेत नाही. त्याने ती पळवलेलीच असणार. मीही पळवायलाच घेणार आहे. कुठे पळवली, त्यानंतर ऑइल कधी बदललं, ब्रेक पॅड कुठले टाकले, रिमॅप केली होती का (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली होती का), एवढं सांगितलं की माझं काम झालं. नेमकं तेवढंच कोणी सांगत नाही.

माझी गरज काही जगावेगळी नाही. दांडिया बाजारात जुनं घर, खाली एकच गाडी उभी राहील एवढी जागा. त्याच गाडीने रोज मकरपुरा जीआयडीसीत कामाला जायचं, आईला कारेलीबागेत मावशीकडे सोडायचं, आणि वर्षातून जमेल तेव्हा ट्रॅक डे करायचा, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर आपलीच गाडी पळवायची. नावाजलेले ट्रॅक तरी आपल्या वाट्याला कुठे जवळ आहेत? ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी स्पीडवे. त्यातल्या त्यात जवळचा धरला तरी हजारेक किलोमीटर. म्हणजे गाडी स्वतः चालवत न्यायची, तिथे दिवसभर झोडायची आणि तीच चालवत परत आणायची. ट्रेलरवर टाकून नेण्याची ऐपत नाही. अशा माणसाला गाडीचा खरा इतिहास हवा असतो, तिला केलेली पॉलिश नको असते.

"नवीन घे ना सरळ," असं बाबा रोज म्हणतात. बाबा, ज्या हव्यात त्या आता नव्या मिळत नाहीत! फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, ९.९५ लाखांत १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, २१२ एनएम टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. काही वर्षांत फियाटनेच इथून गाशा गुंडाळला. बॅलेनो आरएस २०१७ ला आली आणि बीएस-६ या धुराच्या नियमांच्या तोंडावर गेली. टियागो जेटीपी २०१८ ची, तीही फार टिकली नाही. पोलो २०२२ ला बंद झाली. राहिली आय-ट्वेंटी एन लाइन, पण तिची जुनी विकणारे भाव असा सांगतात की नवीच बुक करावीशी वाटते.

ट्रॅकसाठी माझं मन अबार्थवर आहे आणि डोकं बॅलेनो आरएसवर. आरएस हलकी आहे, तिलाही चारही डिस्क आहेत आणि सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. स्टिअरिंगमध्ये जीव नाही, ते सोसता येईल. पोलो जीटी टीएसआय हायवेवर जशी रस्ता धरून बसते तशी यातली दुसरी कुठलीच बसत नाही, पण तिच्यातल्या १.२ लिटरवालीचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा आहे. गर्दीत सरकत सरकत चालवली की क्लच तापतो, आणि मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे त्या गिअरबॉक्सचा मेंदू, गेलं की खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो. म्हणूनच त्या गाडीची सर्व्हिसची कागदपत्रं जीव की प्राण. आणि पोलो विकणाऱ्यांचंच सर्व्हिस बुक नेमकं "घर शिफ्ट करताना हरवलेलं" असतं!

बॅजचा धंदा तर वेगळाच. साध्या पोलोला मागे जीटी आणि टीएसआय चिकटवायचं, पुढच्या जाळीवर लाल पट्टी मारायची आणि लाखभर वाढवून सांगायचं. आरसी बघायला मागितली की चुळबुळ सुरू. डीएसजीवाल्या १.२ पोलो जीटी टीएसआयच्या आरसीवर चार सिलिंडर आणि ११९७ सीसी हवेत. १.२ ची साधी पेट्रोल पोलो तीन सिलिंडरची, ११९८ सीसी. एका सीसीचा फरक, आणि गाडी पूर्ण वेगळी. बॅलेनोचं उलटं आहे. खरी आरएस ९९८ सीसीची, साधी पेट्रोल ११९७ ची. एका दलालाने मला तोंडावर सांगितलं, "मोठं इंजिन आहे साहेब, म्हणून तर आरएस!" म्हणजे ज्याला आपण काय विकतोय हेही माहीत नाही, तो मला गाडीची ग्वाही देतोय.

ठरलेल्या वेळी बघायला जावं तर इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. दर वेळी! बॉनेटवर हात ठेवला की कळतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना टर्बो काय बोलतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, चेन खडखडते का, हे बघायलाच मी सकाळी साडेसातला आलेलो असतो. "जरा फिरवून आणली, तुमच्यासाठीच धुतली," म्हणे. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) नाही, सगळं स्वच्छ. पण पुढच्या स्क्रीनवर रेडिनेस मॉनिटर अपूर्ण. म्हणजे कोड बहुधा नुकतेच पुसलेत, कॉम्प्युटरला अजून स्वतःची तपासणी पूर्ण करायलाही वेळ मिळालेला नाही. चेक इंजिनचा दिवा आदल्या रात्री विझवायचा आणि सकाळी माझ्यासमोर देवाची शपथ घ्यायची.

आणि आता पुराच्या गाड्या. यावर मला ओरडूनच बोलायचंय, कारण हा आपल्याच गावातला प्रकार आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा, अकोटा, फतेगंज, कारेलीबाग, कुठे कुठे पाणी दिवसच्या दिवस उतरलं नाही ते आपण सगळ्यांनी भोगलंय. सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो सांगाडा कोणीतरी उचलतो, वाळवतो, सीट कव्हर बदलतो, डॅशबोर्डला सिलिकॉनचा चकचकीत हात मारतो आणि परत आपल्याच माथी मारतो. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का, हे सगळं दिसतं. गाडी बुडाली होती का, ते दिसत नाही.

आजवा रोडला एका आवारात राखाडी पोलो जीटी टीएसआय बघितली. जीजे-०६ म्हणजे बडोद्याचंच पासिंग, रंग सुरेख, टायर नवे, आत मोगऱ्याचा उग्र वास. तो वास आला तेव्हाच खटकलं. मी पुढचा सीटबेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा पट्टा काळा, मऊ. शेवटचा हातभर भाग कडक झालेला, त्यावर आडवी तपकिरी रेघ, आणि बोट फिरवलं तर बारीक गाळ हाताला लागला. सीट मागे सरकवली तर रुळाचे बोल्ट गंजलेले.

"आ शुं छे?" मी विचारलं.

"ए तो चोमासामां बारी खुल्ली रही गई'ती साहेब."

खिडकी उघडी राहिली म्हणून गाळ सीटबेल्टच्या रिळात गेला! मी विम्याचे कागद मागितले. २०२४ च्या पुरानंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) शून्य, त्याआधीच्या वर्षी ३५ टक्के. म्हणजे मध्ये क्लेम झालेला असणार, कागद ओरडून सांगतोय. तर हा माणूस म्हणतो, "बंपर बदलाव्यो हशे." आणि वर माझ्यावरच चिडला, "लेवी होय तो ल्यो, आटलुं चेकिंग कोण करे?" चोर तो चोर, वर शिरजोर.

कोण करे म्हणजे? मी करतो! सगळ्यांनी केलं पाहिजे! त्या डीएसजीच्या मेकाट्रॉनिकमध्ये, ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरमध्ये, ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये ते पाणी जाऊन आलंय. आज सगळं चालतंय. कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडत जातात आणि एक दिवस एबीएसचा दिवा लागतो, तो अकोट्याच्या पुलावर लागेल की ट्रॅकवर दीडशेच्या वेगात, हे कोणीच सांगू शकत नाही.

आमच्याच भाषेतले दलालही काही वेगळे नाहीत. रावपुऱ्यातले एक काका, इतके गोड बोलणारे की काय सांगू. "अहो, आपली माणसं आपल्याला फसवतात का?" मी जीआयडीसीत क्वालिटीमध्ये आहे, कोटिंगची जाडी मोजणं हे माझं रोजचं काम. पिशवीतून गेज काढून अबार्थच्या दरवाजाला लावला, ११८ मायक्रॉन. छान, कंपनीचा रंग. मागच्या उजव्या पॅनेलला लावला, ६४०. खाली पुट्टी भरलेली. मी काही म्हणायच्या आत काकांचा चेहरा उतरला आणि म्हणाले, "विश्वास नाही का तुमचा माझ्यावर?" काका, विश्वासाचा काय संबंध? मागून धडक बसली असेल तर बसली असेल. मागचा ॲक्सल सरळ आहे का, अलाइनमेंटचा कागद दाखवा, त्या हिशेबाने भाव ठरवू आणि मी गाडी घेऊन जातो. पण नाही. "एक टाकासुद्धा नाही," यावरच अडून बसायचं.

का एवढं बोलतोय, तर ट्रॅकवर हे खोटं थेट ब्रेकच्या पेडलवर उतरतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट-४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलं की तोच १५५ वर येतो. बुद्धवर किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यानंतर जोरात ब्रेक मारायचा असतो, लॅपमागून लॅप. फ्लुइड उकळलं की आत बुडबुडे होतात आणि पेडल पार खाली जातं. मी फ्लुइड आणि पॅड नवे टाकूनच जाणार, ते माझं काम. पण कॅलिपर आधी किती भाजून निघालेत, डिस्क तापून वाकली होती म्हणून घासून दिलीय का, पुढचा हब धडकेत हलला होता का, हे मला विकणाऱ्याशिवाय कोण सांगणार?

लोक का लपवतात तेही मला माहीत आहे. "ट्रॅकवर नेली होती" म्हटलं की समोरचा गिऱ्हाईक तोंड वाकडं करतो आणि पन्नास हजार कमी करून मागतो. अशा गिऱ्हाइकांवरही माझा तितकाच राग आहे. वर्षातून दोनदा ट्रॅकवर नेणारा पोरगा प्रत्येक वेळी ऑइल बदलतो, टायरची हवा मोजतो, टर्बो थंड होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. आणि शनिवार-रविवार एक्स्प्रेस वेवर रिमॅप केलेली गाडी पिळून ती गरमागरम बंद करून जेवायला जाणारा, "कधीच ट्रॅकवर नेली नाही," म्हणून पूर्ण भाव वसूल करतो. विमा कंपन्यांच्या साध्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग कव्हर होत नाही, गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत, म्हणून माणसं घाबरतात, हेही समजतं. मग विकायच्या आधी रिमॅप काढायची, मूळ सायलेन्सर परत बसवायचा आणि "एकदम स्टॉक" म्हणायचं. अहो, काढली असेल तर काढली म्हणा! टर्बोच्या किती बूस्टवर (दाबावर) किती वर्षं चालवली ते सांगा. मी पोलिसात जाणार नाहीये, मला इंजिनाचं उरलेलं आयुष्य मोजायचंय.

खरं बोलणारी माणसं आहेत, म्हणून तर जास्त चीड येते. सुरतेच्या एका पोराची अबार्थ होती. फोनवरच म्हणाला, "दादा, दोनदा चेन्नईला नेलीय, क्लच बदललाय, मागच्या बंपरला रंग लावलाय, दुसरा गिअर थंडीत जरा अडतो." बिलं फाइलला लावलेली, फ्लुइड बदलल्याच्या तारखा पेनाने लिहिलेल्या. मागितलेला भावही वाजवी. मी पोहोचायच्या आधीच कोणीतरी टोकन देऊन गेलं होतं. जाणारच! त्या पोराला गाडी विकायला आठवडासुद्धा लागला नाही, आणि इथे आजवा रोडची ती राखाडी पोलो अजून तशीच उभी आहे, भाव पाच हजारांनीही खाली न आणता.

तर ज्यांच्याकडे खरोखर गाडी आहे, त्यांनी फोन जरूर करावा. गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. मागच्या तीन वर्षांच्या विम्याच्या पॉलिसी काढून ठेवा. काय काय मोडलं होतं ते मला आधी सांगा, मग गाडी दाखवा. मी स्कॅनर लावणार, गेज लावणार, चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढणार. हे चालणार नसेल तर माझा नंबर पुसून टाका.