सतरंजी, एबी फॉर्म आणि खाली येणारे बाण

दादा, नमस्कार.

पक्षसंघटनेवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोपरखैरण्यात वीस वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्यात आणि महापालिकेचं तिकीट मिळालं आदल्या संध्याकाळी पक्षात आलेल्या माणसाला. तुमच्या मते माझा लेख म्हणजे नववीचं नागरिकशास्त्र. बूथ, मंडल, जिल्हा, प्रदेश या पायऱ्या लेटरहेडपुरत्या. खरा पक्ष एका बंगल्यात बसतो. माझ्या तक्त्यात बाण खालून वर जातात, प्रत्यक्षात ते फक्त वरून खाली येतात. शिवाय एक चूक दाखवलीत आणि शेवटी टोमणा मारलात: ‘राजीनामा कोणाला द्यायचा तेही तक्त्यात दाखवा.’

आधी चूक, कारण ती आहेच. मी ‘ठाणे जिल्हा’ हा पक्षाचा एकच घटक धरला होता. तुमचं बरोबर आहे. सरकारदरबारी नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात असली तरी भाजपमध्ये ठाणे शहराला वेगळा जिल्हाध्यक्ष आणि नवी मुंबईला वेगळा. काँग्रेसचीही ‘ठाणे शहर जिल्हा’ कमिटी आहे. नकाशा कलेक्टर कचेरीचा वेगळा, पक्षाचा वेगळा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पायऱ्या खोट्या असण्याबद्दल. 2019 च्या विधानसभेला मित्राच्या आग्रहाखातर मी नौपाड्यातल्या एका शाळेत पोलिंग एजंट म्हणून बसलो होतो. पक्ष कोणता ते सोडा. पहाटे अभिरूप मतदान (म्हणजे यंत्राची चाचणी), दिवसभर यादीवर खुणा, बाहेरच्या टेबलावर ‘अमुक बिल्डिंग अजून उतरली नाही’ असा निरोप, संध्याकाळी 17 सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशोबाची, प्रत खिशात. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, आणि त्यांतलं कोण वारलं, कोण घोडबंदरला राहायला गेलं, हे त्या टेबलावरच्या माणसाला माहीत असतं. बंगल्यातल्याला नसतं. म्हणजे खालून वर बाण जातो, दादा. फक्त त्यावरून माहिती जाते, मत जात नाही. लेखात मी या दोन्हींची सरमिसळ केली होती, आणि तुमचा राग त्यावर असेल तर तो रास्त आहे.

तिकिटाचं म्हणाल तर तिथे पायरी नाही, सही आहे. एबी फॉर्म आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन कागद आहेत. ‘ए’ मध्ये पक्ष कळवतो की उमेदवार ठरवायचा अधिकार कोणाला आणि त्याच्या सहीचा नमुना कसा. ‘बी’ मध्ये त्या सहीने उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईची सही, झेरॉक्स चालत नाही. वॉर्डातल्या सगळ्या बूथप्रमुखांनी मिळून ठराव केला तरी निवडणूक अधिकारी तो वाचणार नाही. कायद्याला पक्ष म्हणजे ती सही.

पण म्हणून संघटना शून्य? आपल्या ठाण्यातच बघा. शिवसेना स्थापन झाली 19 जून 1966 ला आणि 1967 मध्ये ठाणे नगरपालिका तिच्या हातात आली. जेमतेम वर्षभराचा पक्ष, शाखांच्या जोरावर. नळाला पाणी नाही म्हणून माणूस आधी शाखेत जायचा, मग नगरपालिकेत. आनंद दिघे एकही निवडणूक लढले नाहीत. जिल्हाप्रमुख हे नेमणुकीचं पद, तरी टेंभी नाक्यावर रांग लागायची. वरून नेमलेला माणूस, पण त्याची ताकद खालून आलेली. हे तुमच्या बाणांत बसत नाही आणि, कबूल करतो, माझ्या तक्त्यातही बसत नव्हतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देतो. शिवसेना फुटल्यावर दोन्ही गटांनी निवडणूक आयोगापुढे कागदांचे गठ्ठे टाकले. 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात आयोगाने शाखाप्रमुखांची गणती निर्णायक मानली नाही. मोजले ते 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार, आणि नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. कारण काय? आयोगाच्या म्हणण्यानुसार 1999 च्या पक्षघटनेत लोकशाही तरतुदी होत्या, 2018 च्या बदलांनी त्या काढल्या, आणि ते बदल आयोगाच्या दप्तरी आलेच नव्हते. ठाकरे गटाला हे मान्य नाही, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पण मला त्यात दिसलं ते असं: वरचाच माणूस खालचे नेमतो आणि ते नेमलेलेच वरच्याला निवडतात, असं झालं की वेळ आल्यावर खालच्यांची मोजणी कोणी धरत नाही. तुमची सतरंजी तिकिटाच्या दिवशी नाही, पक्षघटना लिहिली त्या दिवशीच गुंडाळली गेली.

आणि हे फक्त एका पक्षाचं नाही. पक्षांच्या नोंदणीचं, लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 29 ए 1989 मध्ये आलं. ते राज्यघटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीशी निष्ठा मागतं. अंतर्गत निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. काँग्रेसने 2022 मध्ये अध्यक्षपदाला खरं मतदान घेतलं, खरगेंना 7,897 मतं, थरूरांना 1,072. पण मत देणारे प्रदेश प्रतिनिधी, तुमच्यासारखा बूथवरचा नव्हे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात शाखा, तालुका, जिल्हा, राज्य अशी अधिवेशनं होत होत पॉलिट ब्युरोपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या समितीपर्यंत, चढतात. तिथेही नव्या समितीची यादी मावळती समितीच मांडते. तरी निदान चढण आहे.

राहिला राजीनामा. घरी तुमचं नियुक्तीपत्र असेल, ते काढा. त्यावर ज्याची सही, त्याच्याच नावाने लिहा आणि एक प्रत वरच्या कार्यालयात पोचपावती घेऊन द्या. पत्र कधी मिळालंच नसेल, वीस वर्षं तोंडी पदाधिकारी असाल, तर मात्र द्यायला राजीनामाही नाही. तसं असेल तर इथे जरूर लिहा. तक्त्यात त्यालाही एक चौकोन काढायला हवा.