राजाच्या नावाचं बिअरघर

महाराष्ट्रात २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. पाटी मराठीत हवी, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कारण भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याच दुरुस्तीत आणखी एक अट होती: जिथे दारू मिळते त्या जागेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव नको. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय अजूनही अधूनमधून पेटतो. मी बुडापेस्टला राहतो, त्यामुळे "तुमच्याकडे चाललं असतं का रे असलं?" हे ठरलेलंच.

चाललं, आणि छान चाललं. शहराच्या पेश्ट या भागात, एलिझाबेथ पुलाजवळचं 'मात्याश पिन्त्से', म्हणजे मात्याशचं तळघर, १९०४ साली बिअरघर म्हणूनच सुरू झालं. मात्याश हा हंगेरियनांचा लाडका राजा, १४५८ ते १४९० या काळातला. वेष पालटून रयतेत फिरायचा, गरिबाला नाडणाऱ्याला धडा शिकवायचा, अशा त्याच्या गोष्टी इथली पोरं लहानपणीच ऐकतात. 'मात्याश राजा गेला, न्याय गेला' अशी म्हणच आहे. तळघरात कमानींवर तोच राजा रंगवलेला, खिडक्यांच्या रंगीत काचांतही तोच. खाली टेबलावर हालासले, पापरिकाने लालभडक झालेला माशांचा रस्सा (कोल्हापूरकरांनी तर्री पाहून नाक मुरडू नये), आणि शेजारी बिअरचा ग्लास. कुणाच्या भावना दुखावल्याचं दिसलं नाही.

गंमत म्हणजे ते नाव मुळात राजाचं नव्हेच. मालक होता मात्याश बाल्डाउफ. त्याने स्वतःचं नाव दिलं. राजाची चित्रं आली १९३७च्या सजावटीत. आता आपल्याकडे बघा. एखाद्या संभाजीरावांनी स्वतःच्या नावाने परमिट रूम काढली, तर निरीक्षक पाटी उतरवणार की आधार कार्ड मागणार? अर्ध्या महाराष्ट्राची नावं महापुरुषांवरून ठेवलेली आहेत.

हंगेरियन फार मोठ्या मनाचे आहेत असं मात्र नाही. मात्याशचा जन्म क्लुजचा, ते आज रोमानियात. तिथल्या त्याच्या पुतळ्यापुढच्या पाटीवरून दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात. अस्मिता इथेही आहे, फक्त ती बिअरच्या ग्लासात बुडत नाही. आपल्याकडे बार म्हणजे काळ्या काचांची, घरच्यांना नेता न येणारी जागा. म्हणून त्या दारावर थोरांचं नाव खुपतं. ते खुपणं मला कळतं, आणि मराठी पाटीच्या सक्तीला तर माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण गडांच्या नावांची एवढी काळजी आहे, तर गडांचं काय? बुडापेस्टजवळच्या विशेग्राद गावातला मात्याशचा राजवाडा मातीखाली पार गडप झाला होता. १९३४ पासून तो उकरून काढला, कारंजी पुन्हा उभी केली. मिक्लोश ओलाह या हंगेरियन धर्मगुरू-लेखकाने १५३६ साली लिहून ठेवलंय की राजाच्या विजयोत्सवात तिथल्या कारंज्यातून कधी पांढरी, कधी लाल वाइन वाहायची. मार्गदर्शक हे आजही रंगवून सांगतात. आपल्याकडे दुर्गसंवर्धनाची पोरं रविवारी गडावर जाऊन पोती भरभरून दारूच्या बाटल्या खाली आणतात. आधी त्या बाटल्या वर नेणाऱ्याला पायथ्याशी अडवा. बारच्या पाटीचं नंतर बघू.