योजना पाच लाखांची, पण दर कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात मी सांगलीला असताना काकांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. भरती करून घेताना काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "जनरल, सेमी की स्पेशल?" काकांना रात्री नीट झोप लागावी म्हणून काकूंनी स्पेशल खोली मागितली. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आले तेव्हा कळले, की त्या एका शब्दाने खोलीच्या भाड्याबरोबर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे शुल्क आणि रक्ततपासण्यांचे दरही वाढवले होते. सर्जन तेच, टेबल तेच, आत बसवलेली जाळीही तीच. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असल्यामुळे खोलीभाडे त्या मर्यादेच्या जितके वर गेले होते त्याच प्रमाणात विमा कंपनीने सर्जनची फी आणि थिएटरचे शुल्कही कापले, आणि काकांनी मुदत ठेव मोडून उरलेले पैसे भरले.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टन विद्यापीठात, एका अर्थतज्ज्ञाने उपचारांचे दर कसे ठरतात याच प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. उवे राइनहार्ट १९३७ साली जर्मनीत जन्मले, युद्धानंतरच्या गरिबीत वाढले, तरुणपणी कॅनडाला गेले, आणि १९६८ पासून २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रिन्स्टनमध्ये शिकवत राहिले. अमेरिकेचा आरोग्यखर्च इतर श्रीमंत देशांच्या मानाने इतका जास्त का, याचे उत्तर त्यांनी तीन सहकाऱ्यांसह २००३ च्या एका लेखात दिले. अमेरिकन माणूस डॉक्टरकडे जास्त वेळा जातो किंवा रुग्णालयात जास्त दिवस राहतो असे नाही. उलट दोन्ही बाबतींत तो इतर विकसित देशांच्या मध्यापेक्षा मागेच होता. फरक होता तो दरांचा. एकाच उपचारासाठी इथे जास्त पैसे मोजले जातात, कारण पैसे देणारे, म्हणजे विमा कंपन्या आणि सरकारी योजना, विखुरलेले आहेत आणि प्रत्येक जण आपापला दर वेगळा ठरवून घेतो.

हे मी माझ्या घरात पाहिले आहे. मुलाचे मनगट मोडले तेव्हा विमा कंपनीकडून आलेल्या कागदावर तीन आकडे होते: रुग्णालयाने लावलेली रक्कम, कंपनीने मान्य केलेली रक्कम आणि आम्ही भरायची रक्कम. पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट होता, आणि विमा नसलेल्या शेजाऱ्याच्या दारात तोच पहिला आकडा येऊन उभा राहिला असता. राइनहार्ट २००७ मध्ये न्यू जर्सीच्या आरोग्यसेवांविषयीच्या आयोगाचे अध्यक्ष होते; त्या आयोगाचा अहवाल २००८ च्या जानेवारीत आला. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, की विमा नसलेल्या आणि दारिद्र्यरेषेच्या पाचपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या रुग्णाकडून मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या दराच्या ११५ टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही. एका दरावर बोट ठेवून सांगता येईल अशी ही मर्यादा होती, आणि मला ती कित्येक मोठ्या घोषणांपेक्षा मोलाची वाटते.

महाराष्ट्रातल्या चर्चेत मला नेमके हेच सापडत नाही. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मिळणाऱ्या मोफत उपचारांची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि ती सर्वांसाठी खुली झाली, हे चांगलेच झाले. परंतु वाद रंगतो तो रकमेवर आणि श्रेयावर. पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक रकमेचे, दर कोणत्या हिशेबाने ठरले, त्यात पंचवीस खाटांच्या नर्सिंग होमचा खर्च निघतो का, आणि योजनेच्या पेशंटला तिथे खाट खरोखर मिळते का, यावर कोणी बोलत नाही. दर परवडत नाहीत ही डॉक्टरांची तक्रार मी खोटी मानत नाही. राइनहार्ट यांचे म्हणणे असे, की दर पैसे देणाऱ्या सर्वांनी मिळून डॉक्टर-रुग्णालयांच्या संघटनांशी वाटाघाटीने ठरवावेत आणि मग ते सर्वांना सारखे लागू व्हावेत. तैवानने १९८९ मध्ये सल्ला विचारला तेव्हा त्यांनी संपूर्ण देशासाठी एकच विमा यंत्रणा सुचवली. १ मार्च १९९५ रोजी ती तिथे सुरू झाली.

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी २०२० ची आठवण देतो. कोविडच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दिवसाचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पळवाटा निघाल्या, तक्रारीही झाल्या, पण बिल घेऊन भांडायला लोकांच्या हातात एक आकडा होता. राज्याच्या २०२१ च्या नियमांनी रुग्णालयांना पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. तो फलक हवाच. मात्र तेवढ्यावर थांबू नये, असे मी अमेरिकेतल्या अनुभवावरून सांगतो. इथेही त्याच वर्षापासून रुग्णालयांना दर जाहीर करावे लागतात, आणि तरीही छातीत कळ आलेला माणूस दर वाचून रुग्णालय निवडत नाही.

राइनहार्ट यांनी १९९७ मध्ये आपल्या देशाला विचारले होते, की आजार टळण्याची किंवा बरा होण्याची संधी गरीब घरातल्या मुलाला श्रीमंताच्या मुलाइतकीच मिळावी, असे आपल्याला वाटते का. अमेरिकेने याचे सरळ उत्तर दिलेले नाही. महाराष्ट्राने होय म्हणायचे ठरवले, तर सर्जनची फी खोलीच्या दर्जापासून तोडणे हे पहिले काम आहे. खोली मोठी हवी तर भाडे जास्त घ्यावे. टाक्याची किंमत का वाढावी?

काकांना दुसऱ्या बाजूलाही हर्निया आहे आणि ते ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचे ठरले आहे. या वेळी जनरलच सांगायचे, असे काकूंनी परवा मला फोनवर सांगितले.