ऑल-ग्रेन बिअर नवशिक्यांसाठी नाही, हे म्हणणे कितपत खरे?

घरी बिअर करू पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास ऐकवला जातो: 'थेट माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, बिअर करण्याची ऑल-ग्रेन पद्धत नवशिक्यांसाठी नाही. तिला तीन भांड्यांचा संच लागतो, तापमान एका अंशानेही हलून चालत नाही, साहित्य सहज मिळत नाही, आणि नाहीच मिळाले तर किराणा दुकानातली बार्ली चालते. म्हणून आधी वर्षभर विकत मिळणाऱ्या तयार, घट्ट माल्ट अर्कावर हात बसवावा.' जिथे घरगुती बिअरला कायद्याची परवानगी आहे, तिथल्या अनेक उत्सुक माणसांना या सल्ल्याने उगाच थांबवून ठेवले आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

तीन भांडी ही मोठ्या ब्रुअरीच्या रचनेची घरगुती नक्कल आहे. मॅशिंगला, म्हणजे माल्टमधली साखर पाण्यात उतरवण्याला, मुळात एवढेच हवे असते की भरडलेले माल्ट तासभर योग्य तापमानाच्या पाण्यात राहावे आणि नंतर गोड द्रव, म्हणजे वर्ट, चोथ्यापासून वेगळा व्हावा. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी रूढ केलेल्या पिशवीच्या पद्धतीत हे सारे एकाच पातेल्यात होते: जाळीदार कापडाच्या पिशवीत माल्ट भिजवायचे, तासाभराने पिशवी उचलून निथळायची आणि त्याच पातेल्यात वर्ट उकळायचा. पाच लिटर बिअरसाठी सुमारे सव्वा किलो माल्ट, साडेआठ लिटर पाणी आणि बारा लिटरचे पातेले पुरते.

तापमानाबद्दलच्या भीतीत थोडे तथ्य आहे, पण ते अतिशयोक्त करून सांगितले जाते. माल्टमधील स्टार्चची साखर प्रामुख्याने दोन विकरे (एन्झाइम) करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमाने काम करते आणि अल्फा-अमायलेज ६८ ते ७२ अंशांना. म्हणून ६४ अंशांच्या आसपास मॅश केल्यास बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ अंशांच्या आसपास केल्यास अंगाने भरीव होते, आणि ६७ अंश हा मधला, समाधानकारक पर्याय ठरतो. दोन अंश इकडेतिकडे झाल्याने बिअरची चव बदलते, बिअर बिघडत नाही. माल्ट २५ अंशांवर असेल तर वरील प्रमाणात पाणी ७० अंशांच्या जवळ तापवून त्यात माल्ट घातले की मिश्रण ६७ च्या आसपास स्थिरावते. नंतर आच बंद करून पातेले जाड चादरीत गुंडाळून ठेवले तरी काम होते. खरी गरज आहे ती भरवशाच्या थर्मामीटरची, आणि तिथे काटकसर करू नये.

बार्लीचा मुद्दा मात्र मला सर्वांत घातक वाटतो. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, मग सावकाश वाळवलेले धान्य. स्टार्च फोडणाऱ्या विकरांचा पुरेसा साठा या मोड आणण्यातूनच तयार होतो. दुकानातली पॉलिश केलेली बार्ली मोड आलेली नसते, तिला फोलपटही उरलेले नसते. ती एकटी कितीही वेळ गरम पाण्यात ठेवली, तरी हाती पेजच येते. हाच धोका गडद भाजलेल्या माल्टच्या बाबतीतही आहे, कारण भाजण्यात विकरे नष्ट होतात. ही माल्ट रंग आणि चवीसाठी थोडीशी घालायची असतात. पाया मात्र फिकट बेस माल्टचाच लागतो.

साहित्य दुर्मीळ असल्याची तक्रार बहुतेकदा पाककृतीत दहा प्रकारची नावे वाचून निर्माण होते. एक बेस माल्ट, एक हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी वेलीची फुले) आणि एक सुके यीस्ट, एवढ्यावर उत्तम पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल प्रकारची बिअर, होते. घरगुती ब्रुइंगचे साहित्य विकणारी दुकाने माल्ट भरडूनही देतात, आणि छोट्या ब्रुअरीकडे विनंती केली तर काही ठिकाणी थोडे बेस माल्ट विकत मिळते. भरड अशी हवी की दाणा फुटावा, पण त्याचे पीठ होऊ नये. अख्खे माल्ट कोरड्या जागी महिनोन् महिने टिकते, भरडलेले लवकर शिळे होते. हॉप्स हवाबंद पाकिटातले घ्यावेत आणि फ्रीजरमध्ये ठेवावेत. पाकिटावर अल्फा आम्लाची, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाची, टक्केवारी छापलेली असते. ती सहा टक्के असेल, तर पाच लिटरला १० ग्रॅम हॉप्स तासभर उकळल्याने मध्यम कडवटपणा येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास येऊ शकतो, तेवढे टाळावे.

राहिला वर्षभराच्या उमेदवारीचा मुद्दा. अर्क म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मॅश करून आटवलेला वर्ट. तो वेळ वाचवतो हे मान्य, पण अर्कावर कितीही सराव केला तरी मॅशिंग शिकता येत नाही. बिअर खरोखर बिघडते ती अस्वच्छ भांड्यांमुळे किंवा आंबवताना उष्णता वाढल्यामुळे, आणि ही काळजी दोन्ही पद्धतींत सारखीच घ्यावी लागते. बहुतेक एल यीस्टना १८ ते २० अंश मानवतात.

पहिल्या प्रयत्नात माल्टमधून साखर कमी उतरेल, हे शक्य आहे. वरच्या प्रमाणात ७० टक्के उतारा मिळाला, म्हणजे माल्टमधून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी तेवढी उतरली, तर वर्टची घनता (पाण्याची १.००० धरून) साधारण १.०५२ येते, ६० टक्केच मिळाला तर १.०४५. म्हणजे बिअर थोडी सौम्य होईल. पुढच्या वेळी दीडदोनशे ग्रॅम माल्ट जास्त घ्यावे.