किलोमीटर नको, महिने मोजा

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, गाड्यांना सोसतं की नाही, हा वाद ऑगस्ट २०२५मध्ये पेटला आणि अजून पुरता विझलेला नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बसून मी तो मन लावून वाचते. घर देवगड तालुक्यात, संसार इथे, आणि दोन्हीकडे माझ्या सुट्टीचा बराच वेळ जुन्या इंजिनांपाशी जातो. एका बाजूला इंजिनं बाद झाल्याचे व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ‘तक्रार करणारे सगळे पेट्रोल लॉबीचे’ हा शिक्का. मायलेजवरून तर घरोघरी भांडणं. मायलेजबद्दल मला वाद घालायचा नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात ते स्पष्ट लिहिलेलं आहे: जुन्या धर्तीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के घट.

मला बोलायचंय ते पेट्रोलियम मंत्रालयाच्या खुलाशातल्या एका वाक्याबद्दल. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील, ती स्वस्त असतात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलून होतील, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. पुण्या-मुंबईत रोज धावणाऱ्या गाडीला हा हिशोब लागू पडेलही. कोकणातलं जुनं इंजिन मात्र वर्षाचे बहुतेक दिवस उभं असतं.

देवगड, राजापूर, गुहागर, कुठल्याही वाडीत जाऊन बघा. चार घरांमागे एका पडवीत गोणपाटाखाली चेतक, एम-८० नाहीतर जुनी स्प्लेंडर झाकून ठेवलेली असते. मालक मुंबईला. गाडी गणपतीला निघते, शिमग्याला निघते, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहते, की परत गोणपाटाखाली. वर्षाला काही शे किलोमीटर. त्या हिशोबाने २० हजार व्हायला नातू मिशीला यावा लागेल. आणि ज्यांना किलोमीटरच नाहीत त्यांचं काय? कलमांच्या बागेतला ग्रासकटर पाऊस ओसरला की गवत काढायला बाहेर येतो आणि मग महिनोन्महिने मांगराच्या खुंटीला टांगलेला. फवारणीच्या पंपाचं इंजिन मोहोराच्या दिवसांत राबतं, नंतर कोपऱ्यात. छोट्या होड्यांची आउटबोर्ड इंजिनं पावसाळ्यात किनाऱ्यावर शाकारलेली. या सगळ्यांच्या टाकीत तळाला थोडं पेट्रोल राहतंच, आणि खरी गोष्ट तिथे घडते.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो, मीठ बरणीत पाझरतं. तिथे झाकणाला श्वास घ्यायचं भोक असलेल्या टाकीची काय कथा. थोडं पाणी इथेनॉल पोटात ठेवतं. ई-२०ची ही सोसण्याची ताकद ई-१०पेक्षा जास्तच आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाला बसतात. टाकीचा रिझर्व्ह तळातून ओढतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तीही तळाशी. टू-स्ट्रोकमध्ये तर याहून वाईट. पेट्रोलमध्ये वंगण म्हणून मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि इंजिनाला खालचा थर मिळतो, ज्यात वंगण जवळपास नसतं. पिस्टन जाम होण्याचं हे एक कारण, आणि दोष मात्र ‘ऑइल कमी टाकलं असणार’ म्हणून मालकाच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाने सुमारे ३५ टक्के. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, तो इंधन वाढवून जुळवून घेतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. जेटचं भोक तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी), म्हणजे इंजिन तापणार. रेस दिली की अडखळणार.

मागच्या गणपतीत बाबांची टू-स्ट्रोक एम-८० उघडली. मेपासून ती पडवीत होती. टाकीच्या कॉकपासून कार्ब्युरेटरला येणारा रबरी पाइप फुगून सैल झाला होता. चिमटीत दाबला तर बोटांना काळं लागत होतं. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचे, फ्लोट बाऊलचे, स्क्रू काढून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं आणि खळ्यात उन्हाला धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ, पांढरट असा बोटभर थर, मध्ये स्पष्ट रेघ. बाऊलच्या तळाला पांढरी भुकटी घट्ट बसलेली, ॲल्युमिनियम खाऊन. मेन जेट पूर्ण बंद. आमच्या बाजारपेठेतल्या गॅरेजवाल्याने बरणीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “ताई, या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत हाच प्रकार.” त्याने क्लचच्या वायरीची एक तार उसवून जेट मोकळा केला, पाइप बदलला, आणि गाडी दुसऱ्या किकला चालू. पण नवा पाइपही तोच, दुकानात मीटरवर मिळणारा. कुठल्या इंधनाला चालतो, याचा त्यावर शिक्का नाही.

आता इथलं सांगते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ला साधं पेट्रोल ई-१० झालं. रस्त्यावरच्या ९५ टक्के पेट्रोल गाड्यांना ते चालतं असं सरकारनेच सांगितलं, आणि उरलेल्या ५ टक्क्यांसाठी महागड्या ‘सुपर’ प्रतीचं पेट्रोल ई-५ ठेवलं. मोठ्या पंपांना ते ठेवणं बंधनकारक केलं. नोझलवर गोल शिक्का असतो, ई-५ की ई-१०. आपल्या गाडीला काय चालेल हे सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. आमच्या गॅरेजात साठच्या दशकातली मॉरिस मायनर आहे, तिच्यात मी ई-५ घालते, पैसे जास्त मोजते आणि तक्रार करत नाही. तिचे रबरी पाइप ‘आर-९’ असं छापलेले, इथेनॉल सोसणारे, सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतात. बागेतल्या गवतकापणी यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे: १० टक्क्यांहून जास्त इथेनॉल नको. अमेरिकेत ई-१५ विकताना पंपावर लेबल सक्तीचं आहे की २००१पूर्वीच्या गाड्या, मोटारसायकली, होड्या आणि छोटी यंत्रं यांत हे घालू नका. तिथे १५ टक्क्यांना एवढी काळजी घेतात. आपल्याकडे २० टक्के आहे आणि ग्रासकटरचा उल्लेखही मला कुठे दिसला नाही.

हे वाचून ‘झालं, परदेशात गेली आणि शिकवायला लागली’ असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं तसं नाही. ब्रिटनला घाई नव्हती आणि पैसे होते. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. ते बिल कमी करायला हवंच. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसवाल्याला इथेनॉलमुळे कारखान्याकडून पैसे वेळेवर मिळत असतील तर त्याचा आनंद मला आहे, माझी अर्धी मावस भावंडं घाट चढून तिकडेच नांदली आहेत. इथेनॉल बंद करा असं मी म्हणणार नाही. ब्राझीलचा दाखला सगळे देतात, तोही बरोबर आहे. पण ब्राझीलचा कार्यक्रम १९७५ला सुरू झाला, २००३पासून तिथे कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि आजही पंपावर इथेनॉल की मिश्रण हे गिऱ्हाईक ठरवतं. आपण २०३०चं उद्दिष्ट २०२५वर आणलं, त्यात निवड हा भाग गळून पडला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, म्हणून धोरणकर्त्यांचं काम संपत नाही.

मला जे हवंय ते फार खर्चिक नाही. आपल्या बऱ्याच पंपांवर महागड्या पेट्रोलची वेगळी टाकी आणि वेगळं नोझल आधीपासून आहे. तालुक्यातल्या एका तरी पंपावर त्या टाकीत ई-१० किंवा त्याहून कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवायची सक्ती करा. नवी टाकी पुरायला नको, नवा टँकर नको. लिटरला दहा-पंधरा रुपये जास्त पडले तरी बागायतदार देईल, कारण त्याला ग्रासकटरसाठी हंगामाला लागणार किती, चार कॅन. रोजची गाडी ई-२०वर पळू दे की. इथेनॉल नसलेलं म्हणून ज्याकडे बोट दाखवतात ते शंभर ऑक्टेनचं पेट्रोल निवडक मोठ्या शहरांत मिळतं, ते देवगडातून आणायला कोण जाणार?

आणि किलोमीटरच्या जोडीला महिने सांगा. सहा महिने उभी राहिली तर काय करायचं, हे मराठीत, पंपावर, मोठ्या अक्षरांत. गॅरेजवाल्यांना शिकवा. कोकणातल्या मेकॅनिकच्या हातात जी कला आहे ती मला इथे फार थोड्यांकडे दिसते. इथे मजुरी परवडत नाही म्हणून माणसं स्वतः पाना हातात घेतात आणि पुस्तक उघडून एकेक पायरी करतात. आमचा गॅरेजवाला आवाज ऐकून जेट सांगतो. पण त्याला कुणी कागद दिलेला नाही: कुठल्या गाडीला जेट किती मोठा करायचा, कुठलं रबर घालायचं. तो चाचपडत शिकतोय आणि त्याचा खर्च गिऱ्हाईक सोसतंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आयटीआय आहेत, तिथे दोन दिवसांचं शिबिर घेणं अवघड नाही. इथेनॉल सोसणाऱ्या पाइपावर शिक्का मारायची सक्ती करणं तर त्याहून सोपं.

तोवर, मुंबईला परतताना एवढं करा. निघायच्या आदल्या दिवशी पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग फ्लोट बाऊलच्या खालचा छोटा स्क्रू सैल करून उरलेलं काढून टाका. टाकीतलं पेट्रोल रोजच्या गाडीत ओता, रिकाम्या लोखंडी टाकीत थोडं इंजिन ऑइल घालून टाकी चारी बाजूंनी हलवा, म्हणजे आतून तेलाचा हात बसेल आणि गंज धरणार नाही. पुढच्या वेळी पेट्रोल भरण्याआधी ते ओतून काढायला विसरू नका. ग्रासकटरची टाकी पूर्ण रिकामी करून तो बंद पडेपर्यंत चालवा. गेल्या हंगामातलं कॅनमधलं पेट्रोल-ऑइल या हंगामात वापरू नका, कितीही जिवावर आलं तरी. रबरी पाइप दर दोन पावसाळ्यांनी बदला, फुगलेला दिसला तर त्याआधीच. आणि गॅरेजवाल्याने काढलेला जुना पाइप फेकू नका. पुढच्या ग्रामसभेत पंपाचा विषय निघाला तर तो टेबलावर ठेवायला उपयोगी पडेल.