रेपो किती काढावेत? सुचतील तितके!

सांगलीच्या विश्रामबागेत गाळा घेतलात, सहा-सात पोरं जमवलीत, साखर कारखान्याच्या ऊसबिलाचं काम मिळालं? झकास. आता कोडचं नंतर बघू, आधी रेपो काढा, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायचे कप्पे. काट्याला एक, बिलाला एक, एसएमएसला एक, आणि सगळ्यांना लागणारं सगळं 'कॉमन'मध्ये. कुणी का म्हणून विचारलंच, तर 'मायक्रोसर्व्हिस' म्हणा, म्हणजे एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी कामागणिक छोटे प्रोग्रॅम; व्हिडिओत बघितलं म्हणा. समोरचा गप्प होतो.

नावं 'काटा-न्यू', 'काटा-न्यू-२', 'काटा-फायनल' अशी ठेवा. चालू कुठला, हे नोकरी सोडून पुण्याला गेलेल्यालाच ठाऊक असावं.

रीडमी, म्हणजे रेपोत काय आहे ते सांगणारी फाइल? छे.

छोट्या बदलात खरी गंमत. परवा कारखान्याने सांगितलं, टनाचं वजन तीन दशांशांपर्यंत दाखवा. एका ओळीचं काम. ती ओळ कॉमनमध्ये बदला, व्हर्जन वाढवा, पॅकेज पब्लिश करा, मग काटा, बिल, मोबाइल, रिपोर्ट, प्रत्येकात नवं व्हर्जन घालून वेगळी पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'बदल तपासून मुख्य कोडात घ्या' ही विनंती. रिव्ह्यू करणारा एकच, तो तासगावला लग्नात. बाकीच्या कशाबशा मर्ज झाल्या, म्हणजे मुख्य कोडात गेल्या, रिपोर्टची तशीच लटकली. पावतीवर १२.३४४, रिपोर्टमधून निघणाऱ्या पंधरवड्याच्या छापील बिलावर १२.३४. चार किलो गायब! पैशाने फार नाही, पण आपल्या भागात वजनात फरक दिसला की लोक एकच शब्द उच्चारतात: काटामारी. शेतकऱ्याने दोन्ही कागद क्लार्कच्या टेबलावर आपटले, क्लार्कने मला फोन लावला, आणि शिव्या मी खाल्ल्या. एका रेपोत असतं तर तोच बदल एका कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत, गेला असता, नाहीतर गेलाच नसता. अर्धवट तरी लटकला नसता!

गूगलकडे २०१५ साली सुमारे २०० कोटी ओळी एकाच रेपोत होत्या म्हणे. त्यासाठी त्यांनी स्वतःची यंत्रणा बांधली, आपण सगळे वापरतो त्या गिटवर भागवलं नाही. पण तुमच्या ओळी किती हो?

कुणी 'सगळं एकत्र करू' म्हणालंच, तर जुन्या डेटाबेसचे बॅकअपही त्यातच कोंबा. रेपो ठेवायची साइट गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल अडवतं, मग गिटहबच्या नावाने बोंब मारा.

बास झालं. अरे, एका खोलीत बसता, एकाच पुड्यातली भडंग खाता, एकाच दिवशी रिलीज करता, आणि कोड तेवढा दहा ठिकाणी? टीम वेगळी असेल, रिलीज वेगळं असेल, एका गिऱ्हाइकाचा कोड दुसऱ्याला दाखवायचा नसेल, तर काढा की वेगळा रेपो, कोण नाही म्हणतंय? पण 'व्हिडिओत बघितलं' हे काय कारण झालं? त्या व्हिडिओवाल्याला कारखान्यातून फोन येत नाही, मला येतो. मर्ज करा आधी ती रिपोर्टची रिक्वेस्ट. पुढच्या पंधरवड्याची बिलं सोमवारी निघतायत.